व्याह्यांना वाइन चाखवण्याची गोष्ट

"बघण्यासारखं असं काय आहे हो तुमच्याकडे?" एवढंच पुण्याचे व्याही फोनवर म्हणाले, आणि मेहकरात गुलाबराव म्हस्क्यांच्या हातातली बशी कलून चहा लुंगीवर सांडला.

चटका बसला तो चहाचा नव्हे, 'तुमच्याकडे' या शब्दाचा. ज्या सुरात माणूस 'तुमच्याकडे अजून लाइट जाते का' असं विचारतो, त्या सुरात तो शब्द आला होता. गुलाबरावांनी लुंगी झटकली आणि आवाज चढवला. सिंदखेडराजा आहे, लोणार आहे, दैत्यसूदनाचं मंदिर आहे, असं ते एका दमात सांगत सुटले. पलीकडून व्याही शांतपणे म्हणाले, "हो, ते आहेच. पण मंजूला जरा वेगळं आवडतं. मागे आम्ही नाशिककडे गेलो होतो. सकाळी लेणी पाहिली, दुपारी वाइन टेस्टिंग. असो. तसं काही तुमच्याकडे नसणारच."

त्या 'नसणारच'मधला शेवटचा च गुलाबरावांच्या काळजात माशाच्या काट्यासारखा रुतला.

"आहे!" ते ओरडले. "वाइन आहे! या तुम्ही!"

फोन ठेवल्यावर आशाबाईंनी विचारलं, "कुठी हाय वाइन?"

"असंल कुठीतरी," गुलाबराव म्हणाले. "एवढा मोठा जिल्हा हाय."

गुलाबराव एसटीच्या स्टँडवर वाहतूक नियंत्रक होते. नोकरीभर त्यांनी लाउडस्पीकरवरून गाड्या पुकारल्या. मेहकर स्टँडवरच्या कोणत्याही जुन्या प्रवाशाला डोळे मिटून त्यांचा आवाज ओळखता आला असता. निवृत्त झाल्यावर पुकारायला गाड्या उरल्या नाहीत, पण मान ताठ राहिली. पोरगा शिवम पुण्यात नोकरीला लागला, तिथंच त्याने मनाली नावाची मुलगी पसंत केली आणि लग्नही तिथल्याच एका हॉलमध्ये आटोपलं. पत्रिकेवर मुलीच्या वडिलांचं नाव 'श्री. यू. के. पाटील' असं होतं. मूळ गाव कोणतं, असं गुलाबरावांनी रीतीप्रमाणे विचारलं, तर उत्तर आलं, "कोथरूड." आता कोथरूड हे कोणाचं मूळ गाव असू शकतं का, हा प्रश्न गुलाबरावांना तेव्हाच पडला होता. पण मुलाकडची माणसं असूनही त्या हॉलमध्ये ते थोडे बिचकलेले होते, म्हणून गप्प बसले.

वाइनचा शोध शेजारच्या प्रेमानंद गवयांनी लावला. प्रेमानंद पोस्टातून निवृत्त झालेले. घरात कोणाला काय हवं आहे हे त्यांना घरातल्यांच्या आधी कळतं.

"देऊळगाव राजाच्या अंगाला एका बाईनं द्राक्षाच्या मळ्यात सुरू केलं हाय," ते कुंपणावरून म्हणाले. "पुष्पांजली म्हणून हाय कोणी. माह्या साडूनं पाह्यलं. आपली गाडी घेऊन जाऊ. मी चालवतो. माह्यं पंचशील हाय, मी काही थेंबाले शिवत नाही, तवा परत येताना तुमाले भ्यायचं काम नाही."

ही एवढी मदत फार झाली असती. पण कॉलनी गप्प बसेल तर ती कॉलनी कसली! वाइन कशी पितात यावर दोन दिवसांत जेवढी चर्चा झाली तेवढी नळाच्या पाण्यावर सबंध उन्हाळ्यात होत नाही. एक जण म्हणाला, ग्लासात नाक घालून प्यायची असते. नाक किती घालायचं यावर दोन तट पडले. मेडिकलवाल्या तुळशीरामने सांगितलं की वाइन ही दारू नाहीच, ते हृदयाचं औषध आहे, मात्र वरून ताक पिऊ नये. समोरच्या घरातल्या अन्नपूर्णाबाई म्हणाल्या, "द्राक्षंच चाखायची आहेत तर बाजारात काय कमी आहेत? ती सडवून काऊन चाखता?" या प्रश्नाला आजवर कोणीही समाधानकारक उत्तर दिलेलं नाही.

आणि मग प्रेमानंदनी परवान्याचं काढलं. "भाऊ, पेवाले परमिट लागते. कायदा हाय."

गुलाबरावांनी आयुष्यात कधी विनातिकीट प्रवास केला नव्हता, त्यामुळे विनापरवाना वाइनच्या शेजारी बसणंही त्यांना मंजूर नव्हतं. ते तडक बुलढाण्याला गेले. तिथल्या परवान्याच्या खिडकीवरच्या माणसाने विचारलं, "किती पिता?"

"पीत नाही."

"मंग परमिट काऊन पाह्यजे?"

"पाहुणे येऊन राह्यले."

"पाहुण्यासाठी नसते ते. स्वताच्या प्रकृतीसाठी असते. प्रकृतीले दारूची गरज हाय, असं म्हणा."

प्रकृती ठणठणीत असलेल्या, साधी सुपारीही न खाणाऱ्या माणसाने सरकारदरबारी उभं राहून सांगायचं की दारूवाचून मला बरं वाटत नाही! गुलाबरावांच्या कानाच्या पाळ्या तापल्या. तरी त्यांनी तसं सांगितलं, आणि खणखणीत आवाजात सांगितलं, कारण दबक्या आवाजात बोलायची त्यांना सवयच नव्हती. रांगेतली सगळी माणसं वळली. त्यात मेहकरचे निदान तिघे होते. "साहेब, तुम्ही बी?" एकाने अत्यंत आपुलकीने विचारलं. गुलाबराव गावी पोचायच्या आत बातमी पोचली होती. संध्याकाळी बालाजीच्या देवळात एका परिचिताने त्यांच्या खांद्यावर हात ठेवून म्हटलं, "सुटते भाऊ. मनावर घेतलं की सुटते."

इतकं सोसून व्याह्यांना एका शब्दाने कळू द्यायचं नाही, असा गुलाबरावांचा निश्चय होता. आणखी एक निश्चय होता. पुण्याच्या माणसांसमोर 'मले-तुले' करायचं नाही. शुद्ध बोलायचं. आता त्यांना येणारी शुद्ध मराठी एकच होती, लाउडस्पीकरवरची. ते आरशापुढे उभे राहून सराव करू लागले. "व्याह्यांनी कृपया नोंद घ्यावी. नाश्ता तयार आहे."

"मले नाही जमनार हे," आशाबाईंनी सांगून टाकलं. "मी बोलतो तशीच बोलीन. त्यायले समजलं नाही तं हातानं दाखवीन."

माघ सरता सरता व्याही आणि विहीणबाई समृद्धी महामार्गावरून आले. यू. के. साहेब म्हणजे उंच, गोरटे, बिनकाडीचा वाटावा असा चष्मा, फिकट तागाचा सदरा आणि डोक्यावर काठाची हॅट. विहीणबाई मंजुश्री जन्माच्या पुणेकर, पण मोकळ्या. आल्या आल्या त्या आशाबाईंच्या मागे स्वयंपाकघरात शिरल्या. साहेब मात्र बैठकीत बसून गुलाबरावांची मराठी तपासू लागले.

"प्रवासात पाणी वगैरे व्यवस्थित भेटले ना?" गुलाबरावांनी विचारलं.

"पाणी मिळतं," साहेब हसून म्हणाले. "भेटतात ती माणसं."

गुलाबराव हसले. दुसऱ्या चुकीलाही हसले. रात्री मात्र कूस बदलत ते आशाबाईंना म्हणाले, "आपल्याच घरात बसून, आपलंच पानी पेऊन, आपल्यालेच सांगते का पानी भेटत नाही म्हणून!"

सकाळी प्रेमानंदनी गाडी काढली. साहेब पुढे, गुलाबराव मागे दोन्ही बायांच्या मधोमध, मांडीवर दशम्यांचा डबा. मेहकर सोडून थोडं गेल्यावर सुलतानपूर आलं. गुलाबरावांनी घसा साफ केला. "प्रवाशांनी कृपया नोंद घ्यावी. सुलतानपूर येथे चहासाठी गाडी थांबेल."

"नको!" साहेब एकदम म्हणाले. "इथे नको. पुढे पाहू." आणि त्यांनी हॅट पुढे ओढून तोंड झाकलं. "धूळ फार आहे."

धुळीचा कणही नव्हता. गुलाबरावांनी बाहेर पाहिलं, साहेबांच्या हॅटकडे पाहिलं, आणि आतल्या आत पेटले. ज्या गावात नोकरीच्या काळात त्यांच्यासाठी चहावाला स्वतः आलं कुटून चहा टाकायचा, त्या गावच्या चहाला हा माणूस नाक मुरडतो! मंजुश्रीबाई काहीतरी बोलायला गेल्या आणि थांबल्या. प्रेमानंदनी गाडी दामटली.

सिंदखेडराजाला राजवाड्याच्या दरवाजात उभं राहिल्यावर मात्र गुलाबरावांना उभारी आली. जिजाऊंचं जन्मस्थान, लखुजीराजांचा दरबार, हे त्यांनी असं काही पुकारलं की आवारातले दुसरे पर्यटक आपली गाडी लागली की काय म्हणून वळले. एक कुटुंब तर शेवटपर्यंत त्यांच्या मागेच फिरत राहिलं. साहेबांनी मध्येच मोबाइल काढून एक सन दुरुस्त केला. गुलाबरावांनी तो अपमान गिळला. मोती तलावाच्या भिंतीवर बसून दशम्या खायचा बेत होता. डबा उघडायचा अवकाश, एका थोराड वानराने येऊन तो गुलाबरावांच्या हातातून असा काही काढून घेतला, जसा साहेब लोक सहीसाठी कागद घेतात. आशाबाई वानराला शिव्या देत राहिल्या, मंजुश्रीबाई त्या शिव्या पाठ करत राहिल्या, आणि साहेब म्हणाले, "डबा आणायलाच नको होता."

पुतळा बारवेत तर कहरच झाला. दगडात कोरलेली ती देखणी पायविहीर. साहेब वाकून मूर्ती पाहत होते. वाऱ्याची झुळूक आली आणि हॅट सुटून खाली पाण्यात पडली. पाहुण्याची हॅट आणि यजमान उभा, हे कसं चालेल? गुलाबराव पायऱ्या उतरले. शेवटची पायरी शेवाळलेली होती. ते उभेच्या उभे घसरले आणि मांडीइतक्या हिरव्या पाण्यात जाऊन थांबले. हॅट मात्र हातात होती, आणि हात वर होता. ते तसेच ठिबकत वर आले आणि हॅट पुढे केली.

साहेबांनी ती दोन बोटांत धरली. "आता ही ड्रायक्लीनला द्यावी लागणार," ते म्हणाले.

आभार नाही, लागलं का नाही, काही नाही. गुलाबरावांच्या पँटचं पाणी बुटात जात होतं आणि संताप डोक्यात. पण अजून वाइन बाकी होती. वाइनने सगळं भरून निघेल अशी त्यांना आशा होती.

पुष्पांजलीबाईंचा मळा छान होता. हिरवेगार द्राक्षांचे मांडव, पलीकडे पत्र्याची मोठी शेड, तिच्यात चकचकीत टाक्या, आणि बाहेर लिंबाच्या झाडाखाली पांढरं कापड घातलेलं टेबल. बाई पन्नाशीच्या, नऊवारीवर शर्ट घातलेल्या, बोलायला खणखणीत.

"या, बसा. ह्यायच्या पँटले काय झालं?"

"बारव पाहिली," गुलाबराव ताठ मानेने म्हणाले, आणि खिशातून प्लॅस्टिकच्या पिशवीत जपलेला परवाना काढला. "बाईंनी कृपया नोंद घ्यावी. परवाना."

"राहू द्या हो, ठेवा तो."

"पाहून तर घ्या."

"तुमच्या तोंडाकडं पाह्यलं की समजते, तुमी गैर काही करनार नाही," बाई म्हणाल्या आणि ग्लास मांडू लागल्या.

बुलढाण्याची खेप, भर रांगेत दारुड्या म्हणून जाहीर होणं, बालाजीच्या देवळातला तो खांद्यावरचा हात, आणि इथं कोणी परवान्याकडे नजरही टाकायला तयार नाही! गुलाबरावांनी तो टेबलावर सगळ्यांना दिसेल असा उघडून ठेवला. प्रेमानंदनी त्यावर द्राक्षांची बशी ठेवली.

बाईंनी रीत सांगितली. आधी ग्लास उजेडात धरून रंग पाहायचा, मग वास घ्यायचा, मग घोटभर तोंडात खेळवायची आणि या पातेल्यात थुंकायची.

"थुंकायची?" आशाबाईंनी विचारलं.

"हाव. साऱ्या जातीच्या चाखाच्या असतात. गिळत गेलं तं चौथीले मानूस आडवा."

"मंग ठीक हाय," आशाबाई म्हणाल्या. "म्या म्हटलं वाईट हाय म्हणून थुकतात."

साहेबांना मात्र हे सांगावं लागलं नाही. त्यांनी ग्लास असा फिरवला जसा एखादा बुवा अंगारा फिरवतो. डोळे मिटून वास घेतला. "ओल्या लाकडाची छटा आहे," ते म्हणाले. "मागे कुठेतरी चामडं. आणि किंचित… पावसाळी माती."

गुलाबरावांनी वास घेतला. त्यांना फक्त बारवेचा वास आला, आणि तो त्यांचा स्वतःचाच होता.

"मले तं जांभळासारखी लागते," बाई म्हणाल्या.

साहेब हसले. थुंकायला मात्र ते तयार नव्हते. पहिली गिळली, दुसरी गिळली, तिसरीला त्यांनी स्वतःच बाटली उचलून ग्लास भरला. गाल गुलाबी झाले. ते सरळ गुलाबरावांकडे वळले. "गुलाबराव, राग मानू नका. जागा तुमच्याकडे चांगल्या आहेत, पण सादरीकरण नाही. भाषेचा प्रश्न आहे. ही बोली कानाला जरा… राकट लागते. आता तुम्ही प्रयत्न करताय, ते दिसतं. पण मूळचं ते मूळचंच."

त्या क्षणी गुलाबरावांच्या तोंडात त्यांच्या आयुष्यातला वाइनचा पहिला घोट होता. गिळावा तर जन्मभराचं व्रत मोडतं. थुंकावा तर समोर विहीणबाई. त्यांनी तो गालात धरून ठेवला होता. त्यामुळे मूळचं काय असतं हे सांगायला, एवढं तोंडाशी आलेलं असताना, तोंडच मोकळं नव्हतं. डोळे मात्र संतापाने टपोरे झाले. आणि त्या टपोऱ्या डोळ्यांना दिसलं की द्राक्षांच्या बशीवरून उठलेली एक पिवळीजर्द गांधीलमाशी साहेबांच्या कॉलरवर बसली आहे आणि आत शिरायचा विचार करते आहे.

राग एकीकडे, पाहुणा एकीकडे. "ऊं!" गुलाबराव म्हणाले. "ऊं! ऊं!" आणि बोट दाखवलं.

"पाहिलंत?" साहेब म्हणाले. "शब्दच सापडत नाहीत."

आणि माशी डसली.

"अवं माय वंऽऽ!" साहेब खुर्चीसकट उडाले. "मेलो ना बे! काय डसलं मले हे? अवं काढा ना कोणी! आग होऊन राह्यली ना माह्या मानेची!"

गुलाबरावांच्या तोंडातला घोट सुटला. तो कसा सुटला हे त्यांनाही सांगता आलं नसतं. पण तो सरळ गेला आणि साहेबांच्या फिकट तागाच्या सदऱ्यावर गळ्यापासून पोटापर्यंत सांडला.

प्रेमानंदनी हातातला द्राक्षाच्या रसाचा ग्लास हळूच खाली ठेवला.

"मले?" गुलाबराव म्हणाले.

साहेब मान चोळत उभे होते.

"माह्या?" गुलाबराव म्हणाले. "होऊन राह्यली? काय हो साहेब, कोथरुडात 'होऊन राह्यली' कवापासून म्हणतात?"

मंजुश्रीबाई तोंडाला पदर लावून हसत होत्या, इतक्या की डोळ्यांतून पाणी आलं. "सुटले एकदाचे!" त्या म्हणाल्या. "अहो, मी कधीपासून म्हणतेय, सांगून टाका. तर म्हणे, आता एवढ्या उशिरा कोणत्या तोंडाने सांगू!"

पुष्पांजलीबाईंनी चुना आणून साहेबांच्या मानेला फासला. साहेब खाली बसले. चष्मा काढून हातात धरला. तो काढल्यावर त्यांचं तोंड अगदी ओळखीचं, स्टँडवर रोज भेटणाऱ्या माणसासारखं दिसू लागलं.

"गाव कोन्तं?" गुलाबरावांनी विचारलं.

"सुलतानपूर."

"अन् यू. के. म्हंजे?"

साहेबांनी टेबलावरच्या कापडाची दशी ओढली. "उकंडराव," ते म्हणाले. "माह्या आंधीची दोन लेकरं जगली नव्हती. म्हणून मायनं मले उकंड्यावर, कचऱ्याच्या ढिगावर ठेवलं, उचललं, अन् तेच नाव पाडलं. पुन्याच्या कॉलेजात पह्यल्या दिवशी मास्तरनं हजेरी घेतली. सारा वर्ग हसला. दुसऱ्या दिवशीपासून मी यू. के."

आशाबाईंना वाईट वाटलं. तसं गुलाबरावांनाही वाटलं, पण त्यांच्याजवळ त्याआधी चुकतं करायचं बरंच काही होतं, आणि ते उभे राहिले.

"हसले त्याचं मले बी वाईट वाटते," ते म्हणाले. "पन म्या काय केलं होतं हो तुमचं? काल संध्याकायपासून मी तोंड वाकडं करून बोलून राह्यलो! कृपया नोंद घ्यावी, कृपया नोंद घ्यावी! माह्या जिभेले फोड आला! तुमी मले पानी शिकवलं! अन् तुमी सुलतानपूरचे? माह्या घरून गाडी सुटली तं पह्यला मोठा स्टॉप सुलतानपूर! मी तुमच्या गावच्या गाड्या पुकारल्या हो जन्मभर! पुन्याले जायले तुमी बसले असान ते बी मीच पुकारलेल्या गाडीत बसले असान!"

"बसलो होतो," उकंडराव पुटपुटले. "आवाज ओळखला म्या लग्नातच."

गुलाबराव धपकन खाली बसले. ओली पँट खुर्चीला चिकटली.

प्रश्न मग आशाबाईंनी विचारला. "सुलतानपुरात कोन हाय आता तुमचं?"

"बहीण. जनकाबाई. मोठी."

"मनालीच्या लग्नात नाही दिसल्या त्या."

उकंडराव पातेल्याकडे बघत राहिले. मंजुश्रीबाईंचं हसू थांबलं. "मी म्हटलं होतं," त्या हळू म्हणाल्या, "पण हे म्हणाले, ताई आली की सगळं उघडं पडेल."

आशाबाई उठल्या. पदर खोचला. त्यांच्या पंचेचाळीस किलोच्या देहात त्या घडीला गुलाबरावांच्या लाउडस्पीकरहून जास्त जोर होता. "भाचीचं लगन अन् आत्याले बलावनं नाही? प्रेमानंद भाऊजी, गाडी काढा."

"लोणार राह्यलं ना," प्रेमानंद म्हणाले.

"कुठी जात नाही लोणार. बसा गाडीत सारे."

पुष्पांजलीबाईंनी एक बाटली बरोबर देऊ केली. ती कोणीच घेतली नाही.

वाटेत उकंडरावांनी तीनदा सांगून पाहिलं की उद्या जाऊ, आज मान सुजली आहे, सदरा खराब आहे. गुलाबराव खिडकीबाहेर बघत राहिले. त्यांचा राग अजून पुरता उतरला नव्हता. पण सुलतानपूर जवळ आलं तसा उकंडरावांचा गुडघा हलायला लागला आणि ते बोटांनी हॅटचा काठ चुरगाळू लागले, हे त्यांना दिसलं. नापास झालेलं पोर घरी निघालं की त्याचा गुडघा असा हलतो. गुलाबरावांनी पाण्याची बाटली पुढे केली.

जनकाबाईंचं घर गावाच्या कडेला. साधं, पक्कं, पुढं ओटा. ओट्यावर त्या सुपात तूर पाखडत बसल्या होत्या. ठेंगण्या, पांढरेशुभ्र केस, नाकात फुली. गाडी थांबली, माणसं उतरली. त्यांनी सूप खाली ठेवलं नाही. उकंडराव पुढं होऊन वाकले. जनकाबाईंनी पाय मागे ओढले आणि हवेत हुंगलं.

"उकंड्या," त्या म्हणाल्या. "इतक्या सालानं आला, तो बी पेऊन आला?"

"पेलो नाही अक्का. चाखली."

"चाखली म्हंजे?"

"म्हंजे… तोंडात घ्यायची अन् थुकायची."

"मंग पुन्याहून इतक्या लांब थुकाले आला का तू?" सुपाला हिसका बसला, तूर ओट्यावर सांडली. "अन् हा सदऱ्यावर लाल डाग कायचा?"

उकंडरावांनी मान खाली घातली. "हे इवाई हायेत. मनालीचे सासरे. त्यायच्या तोंडून… उडाली."

"इवाई थुकले तुह्यावर?"

गुलाबरावांना वाटलं, बारवेत बुडालो असतो तर बरं झालं असतं. ते पुढं होऊन काहीतरी खुलासा करणार, तोच जनकाबाईंनी त्यांना खालपासून वरपर्यंत न्याहाळलं. ओली पँट, शेवाळलेले बूट, सुरकुतलेलं तोंड, सगळं पाहिलं.

"बरं केलं," त्या म्हणाल्या.

मग मात्र त्यांनी सूप बाजूला सारलं. उठल्या, घरात गेल्या, तांब्या आणि परात घेऊन आल्या आणि भावाच्या हातात दिली. "आंधी इवायाचे पाय धू. मंग घरात ये."

पुण्याच्या यू. के. साहेबांनी सुलतानपूरच्या ओट्याखाली उकिडवं बसून गुलाबरावांच्या बुटांच्या नाड्या सोडल्या. गुलाबराव "अहो, नका, काय हे" म्हणत होते, पण पाय काही मागे घेत नव्हते. दिवसभरात एवढं ऊन, वारा, वानर आणि वाइन सोसल्यावर त्या गार पाण्याने त्यांना फार बरं वाटलं. जनकाबाईंनी बायांना कुंकू लावलं. मंजुश्रीबाईंना लावताना त्या क्षणभर थांबल्या, हनुवटी धरून पाहिली आणि म्हणाल्या, "फोटोत पाह्यली होती तुले." मंजुश्रीबाईंना रडू आलं. उकंडराव परातीतल्या हिरव्या पाण्याकडे बघत होते. त्यांचं नाक वाहत होतं, आणि ते गांधीलमाशीमुळे नव्हतं.

पिठलं झालं, भाकरी झाल्या. पाच भाकरी उकंडरावांनीच खाल्ल्या. जेवताना जनकाबाई त्यांना एक अक्षर बोलल्या नाहीत. पण ताटातला ठेचा संपला की वाढत होत्या.

दिवस कलायला लागला तसे प्रेमानंद गाडीकडे वळले. सगळे उठले. जनकाबाई आत गेल्या. उकंडराव उंबऱ्याशी घुटमळले. "अक्का, येतो मंग. पुढच्या टायमाले मनालीले घेऊन…"

आतून कडी लावल्याचा आवाज आला. मग कुलूप लावल्याचा. जनकाबाई मागच्या दाराने घराला वळसा घालून आल्या. अंगावर इस्त्रीचं लुगडं होतं, काखेत गाठोडं आणि हातात लोणच्याची बरणी. त्या सरळ गाडीपाशी गेल्या, पुढचं दार उघडून साहेबांच्या जागेवर बसल्या आणि बरणी मांडीवर घट्ट धरली.

"अक्का, कुठी?" उकंडरावांनी विचारलं.

"पुन्याले. लगनाले बलावलं नाही, आता भाचीचा संसार तरी पाहू दे. शेजारनीले किल्ली देली. महिनाभर काम नाही मले."

उकंडरावांचं तोंड उघडलं आणि तसंच राहिलं. त्यांच्या डोळ्यांपुढून त्यांची सोसायटी, सकाळचा हास्यक्लब, लिफ्टमधले शेजारी असं बरंच काही जात असावं. मग त्यांनी हॅट गाडीच्या मागच्या काचेखाली टाकली आणि मुकाट्याने मागे, गुलाबरावांच्या शेजारी, अर्ध्या जागेवर बसले.

गाडी चालू झाली. मान न वळवता जनकाबाईंनी विचारलं, "इवाई, मले ह्यायच्यासारखं बोलता येत नाही. पुन्यात काही अडचन येईन का हो?"

गुलाबरावांनी घसा साफ केला. जन्मभर ज्या आवाजात त्यांनी मेहकर स्टँडवरून गाड्या सोडल्या, त्या आवाजात ते म्हणाले, "तुमाले काऊन येईन? येईन तं पुन्याले येईन."